गप्प इंजिन

भावोजींना सगळी गल्ली 'नवमास्तर' म्हणते. त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही, स्वतःची शाळाही अर्ध्यावर सोडलेली. नाव पडलं ते जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांमुळे. त्या इंजिनात एका ओळीत आठ व्हॉल्व्ह. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याची फट बसवायची, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसऱ्याची; बेरीज नऊ आली पाहिजे. म्हणून काम करताना ते "दोन नि सात नऊ, तीन नि सहा नऊ" असं पुटपुटत राहतात. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षं त्यांच्याच गॅरेजच्या काउंटरवर सुटे भाग विकतोय, आणि ते पाढे ऐकून माझे कान किटलेत.

एवढ्या वर्षांत त्यांनी मला शंभरदा तरी हाक मारली असेल. "ये, हात लावून बघ. पत्ती कशी सरकते ते एकदा कळलं की झालं."

"काळे हात घेऊन काउंटरवर बसलो तर गिऱ्हाईक पळेल, भावोजी," मी म्हणायचो. खरं कारण आळस.

पत्ती पोलादाची, पोस्टकार्डाहून जराशी जाड. ती फटीत घालून ओढायची. सहज निघाली तर फट जास्त, अडकली तर कमी. तिने किंचित धरून सोडलं पाहिजे. ते कुठे लिहून ठेवता येत नाही, बोटांना कळावं लागतं.

गेल्या वर्षापासून भावोजींच्या बोटांना ते कळेनासं झालं. मधुमेह जुना; आधी तळपाय बधिर झाले, मग बोटांची टोकं. गॅरेजात अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी ताईला बजावलं. ताईने मला सांगितलं आणि वर मलाही तेच बजावलं. तेव्हापासून ते ही गोष्ट माझ्यापासून लपवत होते, आणि मला कळलंय हे आम्ही दोघं त्यांच्यापासून. या कामाशिवाय भावोजींना दुसरं काही येत नाही, हे तिघांनाही माहीत.

शुक्रवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंची हिरवी गाडी आली. दोनच सीटा, टप मागे दुमडणारा. रविवारी घाट ओलांडून त्या लेकीकडे निघणार होत्या, दिवसभराचा रस्ता. फटी बसवणं एरवी तासाभराचं काम, भावोजींना दुपार पुरली नाही. बाहेर आले ते स्टुलावर बसूनच राहिले. मी पाण्याची बाटली दिली. त्यांना झाकण फिरवता येईना, म्हणून मीच उघडून दिली.

शनिवारी सकाळी बाई आल्या, गाडी सुरू केली. इंजिन इतकं शांत की शेजारच्या दुकानातला रेडिओ ऐकू येत होता.

"इतकी गुळगुळीत कधीच चालली नव्हती," बाई म्हणाल्या. "तुमच्या हाताला तोड नाही."

भावोजी कान देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "बंद करा."

मी त्यांना बाजूला घेतलं. "कौतुक चाललंय तर ऐकून घ्या की."

"हे इंजिन थोडं टिकटिकलंच पाहिजे. गप्प आहे म्हणजे मी फटी ठेवल्याच नाहीत. पत्ती धरली की नाही ते कळेना, म्हणून कसत गेलो. व्हॉल्व्ह नीट मिटणार नाहीत, घाटात जळतील."

"बाईंना काय कळणार आहे?" मी म्हणालो. आज सांगायला लाज वाटते, पण म्हणालो.

"मला कळलंय ना."

ते बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "डॉक्टर, माझ्या बोटांना आता कळत नाही. काल चुकलं. इंजिन गार होऊ द्या, दुपारनंतर न्या."

बाईंनी त्यांचे हात नीट बघितले. मग किल्ली दिली.

दुपारी भावोजींनी इंजिनावरचं झाकण उघडलं आणि मला म्हणाले, "ये." या वेळी मी गेलो. स्क्रू त्यांनी फिरवायचा, पत्ती मी ओढायची.

"कसं लागतंय?"

"अडकतंय."

"आता?"

"आता उगाच सुटतंय."

"आता?"

"मिटलेल्या वहीतून एक सुटा कागद ओढावा तसं."

"हां. तिथेच." त्यांनी नट आवळला. "परत ओढ, आवळताना फसवतं."

पाचव्या व्हॉल्व्हला त्यांनी विचारायच्या आधीच माझ्या तोंडून "बस" निघालं. ते मान न वर करता पुढच्याकडे वळले. मला स्वतःचाच राग आला. एकतीस वर्षं टाळलेली गोष्ट, आणि ती हाताला कळायला तासही लागला नव्हता.

संध्याकाळी बाई आल्या. गाडी सुरू झाली ती बारीक टिकटिकत.

"आवाज येतोय," बाई म्हणाल्या.

"यायलाच हवा. निर्धास्त जा."

बाई बसल्या, पट्टा लावला, आणि काचेतून विचारलं, "पुढच्या वर्षी इथेच आणू ना?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. हो म्हणायला मला एक शब्द पुरला असता. मी चिंधीने बोटं पुसत होतो. ती केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी पुसत राहिलो.

"पुढच्या वर्षी दुसरं कोणी बघा, डॉक्टर," भावोजी म्हणाले.