एका रात्रीपुरते बाहेर

"भाडेकरू म्हणजे भिंतीतली ओल. जुनी झाली की भायर पडणा नाय." हे वाक्य आमचे घरमालक भाडेकरूच्याच, म्हणजे माझ्याच देखत म्हणत, आणि म्हणून झाल्यावर टोपी काढून कपाळ पुसत पुटपुटत, "तुमका नाय हां, मास्तरानू."

मी मालवणात शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा बाजारालगत त्यांनी बांधलेल्या दोन खोल्यांपैकी एक मला मिळाली. त्यांचा जन्म मचव्यावर तांडेल म्हणून गेला होता. वादळात शीड कधी उतरवावे हे जाणणाऱ्या या माणसाने उतारवयात सारी पुंजी चिऱ्याच्या त्या भिंतींत घातली होती. कौले परतणे, पावसाआधी भिंतींना झावळ्यांच्या झडी बांधणे, एखादी खोली रिकामी राहणे, हे सारे त्यांनी आधीच हिशेबात धरले होते. भीती एकच होती. त्यांची भातशेती कुळकायद्यात कुळाकडे गेली होती, आणि खोल्याही तशाच जातील, असे बाजारात कुणीतरी त्यांच्या मनात भरवले होते.

उपायही बाजारानेच सुचवला. अकरा महिने भरण्याआधी भाडेकरूने सामानासह एक रात्र बाहेर राहायचे आणि सकाळी नवा भाडेकरू म्हणून परत यायचे.

तो दिवस आला की ते दारासमोर उभे राहून खोकत. "मास्तरानू, आज आमच्याकडे वस्तीक येवा." मग माझी वळकटी स्वतः उचलून आपल्या ओटीवर नेत आणि घरात सुरमई करायला सांगत. माझे विद्यार्थी रस्त्यातून पाहत असत. माझी मान वर होत नसे. त्यांचीही होत नसे. जेवताना आम्ही दोघे आपापल्या ताटाशीच बोलत असू.

पुढे माझे लग्न झाले. मुलगी झाली त्या वर्षी तो दिवस बारशाच्याही आधी आला. ते आले, खोकले, पण बोलले नाहीत. हिने आतूनच ओळखले आणि ती दुपटी गोळा करू लागली. ते पाहताच घरमालक पायरीवर बसले.

"ऱ्हवांदे गो बाय. बाळंतिणीक भायर काढून राखलेली खोली माका नको. जाता तर जाऊंदे."

बाजारात थट्टा झाली. "तांडेलानू, खोली आता मास्तराचीच म्हणा!" ते हसत, पण वर्षभर आमच्या दाराकडे पाहायचे मात्र टाळत.

पुढल्या वर्षी, मागण्याची लाज त्यांच्यावर येऊ नये म्हणून, मी आपणहून सामान बांधले. मुलीला घेऊन आम्ही त्यांच्या ओटीवर गेलो. त्यांना सुटल्यासारखे वाटेल, अशी माझी कल्पना होती. ते बाहेर आले, वळकटीकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुमी अजून माका तसोच समजतास?"

त्याचे उत्तर ऐकून घ्यायला आता ते नाहीत.

त्यांनी हिच्या हातून मुलीला घेतले, खांद्यावर टाकले आणि आमच्या खोलीकडे चालू लागले. वाटेत कुणीतरी विचारले, "खंय रे, तांडेला?"

"चेडवाक तिच्या घराक व्हरतंय," ते म्हणाले; पोरीला तिच्या घरी नेतो आहे, हे साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असे. मागून वळकटी घेऊन मी मान खाली घालून चालत होतो.