पेटीत न गेलेली वाकळ

नाताळाची पेटी सप्टेंबरातच भरावी लागते, हे आमच्या सांगलीच्या चर्चमधल्या निम्म्या लोकांना मी कधीच पटवू शकले नाही. बाहेर पाऊस, नाताळाला तीन महिने अवकाश, आणि मी छत्री घेऊन दारोदार विचारत फिरायची, पेटीत काय घालणार ते लवकर सांगा. मुंबईहून बोट कधी सुटते, आफ्रिकेला कधी लागते, तिथून डोंगरातल्या मिशन दवाखान्यापर्यंत पेटी जायला किती दिवस, सगळं बोटांवर मोजून सांगायची. लोक चहा द्यायचे आणि म्हणायचे, 'बघू.' त्या 'बघू'ची मला तेव्हा चीड होती. अजूनही आहे.

साठ साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. मी मिशनच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. पेटीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पेटी जिथं जायची त्या दवाखान्यात माझी थोरली बहीण नर्स होती. आमच्या चर्चमधून परदेशी सेवेला गेलेली ती पहिलीच. पाळकसाहेब दर रविवारी प्रार्थनेत तिचं नाव घ्यायचे आणि मी डोळे घट्ट मिटून बसायची. लोकांना वाटायचं, केवढी भक्ती. खरं म्हणजे मला आईची आठवण यायची. दोन वर्षं झाली, आईनं आक्काचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

आई साताऱ्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. वडील आमच्या लहानपणीच गेले. आक्काचं लग्न आईनं कडेगावच्या एका मास्तरांशी ठरवलं होतं, आणि लग्नासाठी पांढरं रेशमी पातळ घेतलं होतं, काठाला बारीक जर असलेलं. महिना राहिला असताना आक्का म्हणाली, मी आफ्रिकेला जाते. मास्तरांनी समजून घेतलं, पण आईनं नाही. दिलेला शब्द मोडला म्हणजे तिच्या लेखी सगळंच मोडलं. पातळ ट्रंकेत ठेवताना ती म्हणाली, "हे पातळ नेसशील तवाच माझ्या दारात ये." आक्का गेली तेव्हा स्टँडवर तिला निरोप द्यायला मी एकटीच होते.

आता माझ्या हट्टाविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यानंच घडवलं. आम्ही लहान असताना साताऱ्याच्या मिशन कंपाउंडात नाताळाला अमेरिकेहून पेट्या यायच्या. त्यात वापरलेली नाताळकार्डं असायची, लिहिलेली बाजू कापून टाकलेली. एका डोळ्याची बाहुली असायची. एका वर्षी माझ्या वाट्याला लोकरीचा कोट आला, आणि त्याच्या कॉलरच्या आत कुणा परक्या मुलीचं नाव शिवलेलं होतं. शाळेत पोरी मला वर्षभर त्या नावानं हाक मारत होत्या. आई म्हणायची, "धर्माच्या गाईचं दात मोजू नयेत." मी मोजले आणि लक्षातही ठेवले. म्हणून जेव्हा पाठवायची पाळी आमची आली तेव्हा मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, आपल्या पेटीत एकही जुनी वस्तू जाणार नाही. माधवनगरच्या गिरणीचं कोरं कापड आणून बायकांनी बाळांची झबली शिवली. टॉवेल नवे, साबण नवे, पितळी वाट्या नव्या. पाळकीणबाई म्हणाल्या, "अगं, एवढं कडक नको, देणाऱ्याचं मन बघावं." मी ऐकते कशाला!

पेटीला खिळे ठोकायला दोन दिवस उरले असताना आई आली. न कळवता, साताऱ्याहून सकाळच्या एसटीनं, काखेत मोठं गाठोडं घेऊन. मी शाळेतून येईपर्यंत ती पायरीवर बसून होती.

"ही घाल त्या पेटीत," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"तितं लय थंडी असती म्हनं डोंगरात. कुनाला बी देऊ दे."

गाठ सोडली तर आत वाकळ होती. वरच्या बाजूला आईची विटकी चॉकलेटी लुगडी, खालच्या बाजूला वडिलांची धोतरं, आणि मधून बारीक दोरा घातलेला, ओळीत ओळ. माझं तोंड उतरलेलं तिनं पाहिलं असणार.

"उपाशी न्हाई पाठवली," ती म्हणाली.

आईच्या माहेरी, माण तालुक्यात, वाकळ शिवताना शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवायची रीत होती. वाकळेचं पोट रिकामं राहिलं तर पांघरणाऱ्याला ऊब मिळत नाही, म्हणे. घर ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या, पाळकांनी हसून पाहिलं, रागावून पाहिलं, पण आईनं ती भाकरी सोडली नाही. नवी वाकळ घरात आली की आम्ही दोघी बहिणी आधी तिचे कोपरे चाचपायचो, कडक कुठं लागतंय ते बघायला. आक्काला ते नेहमी माझ्याआधी सापडायचं.

पण त्या दिवशी मला एवढंच सुचलं की जुनेर आहे, आणि वर त्यात भाकरी! बोटीत भाकरीला किडे होणार, ते नव्या झबल्यांना लागणार, कस्टमवाले पेटी उचकटणार, आणि तिथले लोक म्हणणार, हिंदुस्थानातून चिंध्या आल्या. तोंडानं फक्त 'बरं' म्हटलं. लोकांच्या 'बघू'पेक्षा माझं ते 'बरं' जास्त खोटं होतं.

आई दुपारच्याच गाडीनं परत निघाली. गाडीत बसल्यावर खिडकीतून वाकून म्हणाली, "वर ठेव गं. खाली दाबू नगंस."

मी ती वर ठेवली नाही आणि खालीही ठेवली नाही. माझ्या पैशानं एक नवी चादर आणली, लाल पट्ट्याची, आणि वाकळेच्या जागी ती घातली. वाकळ गेली माझ्या ट्रंकेत. पेटीची यादी माझ्याच हातात होती. सगळं काटेकोर व्हावं म्हणून मलाच नेमलेलं, आणि कुंपणानंच शेत खाल्लं. चादरीपुढं कुणाचं नाव घालायचं यावर मी बराच वेळ अडले. आईचं घालायला लाज वाटत होती, माझं घालायला भीती. शेवटी जागा कोरीच सोडली. दुसऱ्या दिवशी पेटी बैलगाडीनं मिरज स्टेशनावर गेली.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. साताऱ्याहून कुणी आलं की आईचा निरोप असायचा, "पेटी पोचली का?" पहिल्यांदा मला गंमत वाटली. दुसऱ्यांदा मी वैतागले. तिसऱ्यांदा वसतिगृहाची मेट्रनबाई काही कामासाठी सांगलीला आली होती, तिनंही तेच विचारलं. आईनं आजवर कुठल्या पेटीची चौकशी केली होती? वर्गात मी मुलांवर उगाच खेकसायला लागले. फळ्यावर बेरीज मांडून उत्तर लिहायला विसरायची. ट्रंक उघडायची, वाकळेकडं बघायची, पुन्हा झाकण लावायची. मन चिंती ते वैरी न चिंती, तशातली गत. तरी एकदाही कोपऱ्याला हात लावला नाही.

डिसेंबरच्या मध्याला आक्काचं पत्र आलं. दोन पानं होती. पहिलं चर्चसाठी, उपासनेत वाचून दाखवायला: पेटी सुखरूप पोचली, झबली बघून बायका हरखल्या, सर्वांना नाताळाचा सलाम. दुसरं माझ्यासाठी. त्यातल्या ओळी मला आजही पाठ आहेत.

'पेटी मी स्वतः उघडली. एकेक वस्तू काढत तळाच्या वर्तमानपत्रापर्यंत गेले. यादी दोनदा वाचली. आईचं काहीच नव्हतं. बरोबरच आहे तिचं. लाल पट्ट्याची चादर छान आहे, ती मी कालच बाळंत झालेल्या एका बाईला दिली.'

नाताळाच्या सुट्टीला मी साताऱ्याला गेले, ती दोन्ही पानं पर्समध्ये घेऊन. वसतिगृहाच्या मुली घरी गेल्या होत्या. रिकाम्या स्वयंपाकघरात आई करंज्या लाटत होती.

"पत्र आलं म्हनं," ती म्हणाली. "वाच."

मी पहिलं पान वाचलं, सावकाश, सगळं. मग दुसरं उघडलं, त्यावरून नजर फिरवली आणि घडी घातली.

"वाकळ पोचली म्हणते," मी म्हणाले. "आवडली म्हणते."

आईचं लाटणं थांबलं.

"कोपरा उसवला का तिनं?"

"तसं काही लिहिलं नाही."

"उसवंल," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. "तिला ठावं हाय."

नाताळाच्या दिवशी करंज्यांचं ताट घेऊन ती कंपाउंडातल्या घराघरात गेली, आणि प्रत्येक दारात सांगितलं, "माझ्या थोरलीचं पत्र आलंय." दोन वर्षांनी 'माझ्या थोरलीचं.' मी तिच्या मागं मागं चालत होते आणि मला स्वतःची शिसारी आली. सांगून टाकावं असं दर दारात वाटलं, आणि दर दारात तिचा चेहरा बघून मी पुढच्या दाराकडं वळले.

सांगलीला परत आले, पिशवी खाली ठेवली आणि भर दुपारी, चप्पलसुद्धा न काढता, ट्रंक उघडली. चारही कोपरे चाचपले. कडक काही लागलं नाही. एका कोपऱ्यात नुसतं मऊ, जाडसर लागलं, आणि तिथले टाके सैल होते, मुद्दाम सोडलेले. मी दोन टाके काढले. आत भाकरी नव्हती. भाकरीच्या जागी जरीचा बारीक काठ दुमडून ठेवला होता, आणि त्याच्यामागं, लुगडी आणि धोतरांच्या मधोमध, अख्खा पांढरा रेशमी थर पसरलेला होता.

तिनं पातळ कापलं होतं. नेसायला पातळच उरलं नव्हतं, म्हणजे दारात यायची अटही उरली नव्हती. लिहिता-वाचता न येणाऱ्या माझ्या आईनं जन्मातलं एक पत्र पाठवलं होतं, आणि ते जुनेर म्हणून मी ट्रंकेत दाबून ठेवलं होतं. मी तिथंच फरशीवर बसून मोठ्यानं रडले. शेजारच्या बाई डोकावून गेल्या, तरी थांबले नाही.

कोपरा मी पुन्हा शिवला, तिच्यासारखाच सैल. जमला नाही, माझा टाका वाकडा गेला. दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "काय आहे आत, जुने कपडे?" मी म्हणाले, "हो, जुने." सोबत आक्काला चिठ्ठी लिहिली, काही न लपवता.

मग पुन्हा वाट बघणं. तीन महिने पोस्टमनची सायकल दिसली की मी वर्ग सोडून दारात. उत्तर एप्रिलात आलं, आणि त्याच शनिवारी मी साताऱ्याची गाडी पकडली. आई वसतिगृहाच्या मागच्या ओसरीवर ज्वारी पाखडत होती. मी समोर बसले आणि आधी सगळं सांगितलं, चादरीपासून ट्रंकेपर्यंत. सूप चालूच होतं. माझं संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "वाच."

आक्कानं लिहिलं होतं: 'पार्सल हातात आल्याबरोबर कोपरे चाचपले. जरीचा काठ हाताला लागला तशी कोपरा उसवला. ही वाकळ मी कुणाला देणार नाही. पुढच्या नाताळाला रजा मिळणार आहे. आईला विचार, साताऱ्याला उतरू का?'

"इचारतीया व्हय, श्यानी," आई म्हणाली. पदरानं तोंड पुसून तिनं पुन्हा सूप उचललं. मला वाटलं, सुटले.

"आता ते आदीचं काढ," ती म्हणाली.

"कुठलं?"

"नाताळातलं. दोन पानं हुती. तू एकच वाचलंस."

ते पान अजून माझ्या पर्समध्येच होतं, घड्या पडून पडून फाटायला आलेलं. मला वाचायचं नव्हतं. शेवटी मी वाचलं, तळाच्या वर्तमानपत्रापासून चादरीपर्यंत, एक शब्द न गाळता.

"'बरोबरच हाय तिचं.' असं लिवलं तिनं?"

"हो."

आईनं सूप खाली ठेवलं. आता ती बोलणार हे मला कळलं, आणि जे बोलेल ते ऐकून घ्यायचं असं मी ठरवलं.

"आन् ह्ये तू चार म्हैनं एकटीच घिऊन बसलीस?" ती म्हणाली.

मी मान डोलावली.