मशीनघरात लागलेला सूर

पिंपळगाव बसवंतला हायवेच्या कडेला एक कोल्ड स्टोरेज होतं. बारावी कॉमर्स झाल्याबरोबर, १९९७ साली, ललिता ढोमसे तिथं कामाला लागली. तिची आई वत्सलाबाई आधीपासून तिथं बेदाणा निवडायच्या. मायलेकी एकाच टेबलावर समोरासमोर बसत. आई काड्या आणि खडे वेचून काढायची, लेक माल खोक्यात भरून लेबल चिकटवायची. हात चालू असले की ललिताचं तोंडही चालू असायचं. बोलण्यात नव्हे, गाण्यात. सकाळी रेडिओवर ऐकलेलं गाणं दुपारपर्यंत तिच्या गळ्यात बसलेलं असे.

मशीनघरातला ऑपरेटर भिकन हे रोज ऐकायचा. त्याच्याकडे कॅसिओची एक इलेक्ट्रॉनिक पेटी होती आणि हौस तर दोन माणसांना पुरून उरेल एवढी. त्याचा मित्र शेखर टेम्पो चालवायचा आणि ढोलकी वाजवायचा. दोन्ही सारख्याच वेगानं, असं लोक म्हणत. एक दिवस भिकन टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मावशी, ललिताला आमच्या ऑर्केस्ट्रात गायला पाठवा. हळदी-लग्नाच्या सुपाऱ्या घेणार आहोत आम्ही."

"आम्ही म्हणजे किती जण?"

"मी आणि शेखर."

"दोघांचा ऑर्केस्ट्रा?"

"म्हणून तर तिसरी मागतोय ना!"

वत्सलाबाईंना हसू आलं आणि तिथंच निम्मी परवानगी मिळाली. उरलेली निम्मी एका अटीवर मिळाली. प्रत्येक कार्यक्रमाला त्या स्वतः बरोबर येणार होत्या. कोल्ड स्टोरेजमध्ये जन्मला म्हणून ऑर्केस्ट्राचं नाव 'शीतल' ठेवलं.

सराव मशीनघराच्या ओट्यावर चाले. पाळी संपली की तिघं तिथं जमत. वर पत्रा, पाठीमागे कॉम्प्रेसरची अखंड घरघर. भिकन स्वतःच शिकलेला. कॅसिओच्या बटणांवर त्यानं आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि त्या आकड्यांच्या हुकमाबाहेर तो कधी जात नसे. ललिता डोळे मिटून सुरुवात करायची आणि दर वेळी नेमकी भिकनच्याच पट्टीत उतरायची.

"हिच्या गळ्यात कंपनीनंच सूर भरून दिलाय," शेखर म्हणायचा.

पहिली सुपारी घरचीच आली. वत्सलाबाईंचं माहेर कळवणचं. तिथं त्यांच्या भावजयीच्या, भागीबाईंच्या थोरल्या मुलाची हळद होती. मुलगा सातपूरच्या कारखान्यात नोकरीला, त्यामुळे मांडवही थाटाचा. ऊन उतरल्यावर पाहुण्यांनी मांडव भरला. ललिता नवी साडी नेसून माईकसमोर उभी राहिली. शेखरनं ढोलकीवर थाप दिली, ललितानं डोळे मिटले, आणि सूर लागला तो भलतीकडेच. कॅसिओ एका गावाला चालला होता आणि ललिता दुसऱ्या. भिकन जोरात वाजवू लागला, तशी तीही जोरात गाऊ लागली. पुढं बसलेली पोरं खिदळायला लागली, मग बायका पदराआड हसल्या. भागीबाई मात्र पदराबिदराच्या भानगडीत पडल्या नाहीत.

"वन्सं," त्या भर मांडवात म्हणाल्या, "पोरीची दाढ दुखती का हो? लय कण्हती!"

मांडव हास्यात बुडाला. परतताना घाट उतरल्यावर टेम्पोत वत्सलाबाई लेकीकडे वळल्या. म्हणाल्या, "माझ्या माहेरात माझी मान खाली गेली, ललिता. अजून एकदा बघीन. असंच झालं तर माईकला हात लावायचा नाही."

ललितानं मान हलवली. तिला गाण्याशिवाय दुसरं काही मनापासून आवडत नव्हतं, आणि ते आता एका कार्यक्रमावर येऊन ठेपलं होतं.

नवल असं, की दुसऱ्या दिवशी ओट्यावर तीच ललिता पुन्हा चोख गायली. मग गर्दीची भीती हेच कारण ठरलं. शेखरनं खडीसाखर आणली. कोणी ज्येष्ठमध सांगितला. भिकननं कॅसिओला लिंबू-मिरची बांधली. वळवाच्या पावसात एका संध्याकाळी सराव ऐन रंगात असताना वीज गेली. कॉम्प्रेसर थांबला. कॅसिओ सेलवर चालत होता, म्हणून भिकन म्हणाला, "चला, पुढचं गाणं घेऊ." ललितानं डोळे मिटून सुरुवात केली, आणि थेट कळवणच्याच मांडवात जाऊन पोहोचली.

भिकन वाजवायचा थांबला. त्यानं मशीनघराच्या दाराकडे बघितलं.

"ललिता, तू सूर माझ्याकडून घेत नाहीस. कॉम्प्रेसरकडून घेतेस."

"काहीतरीच काय, दादा!"

पण वीज आली, घरघर सुरू झाली, आणि ललिता अचूक जागेवर. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, शंका उरली नाही. इतके महिने ती मशीनच्या घरघरीला तंबोरा समजून गात होती. भिकननंही कानाला बरी वाटली म्हणून नेमकी तीच पट्टी धरली होती. शेखर हसून हसून ओट्यावरून खाली घसरला. "म्हणजे आपण तिघं नव्हतो रे. चौघं होतो!"

दुखणं कळलं, पण औषध त्यांनी मशीनवाल्यांच्याच डोक्यानं शोधलं. विंचूरला एका लग्नातल्या मिरवणुकीनंतरची सुपारी मिळाली, तेव्हा भिकननं मांडववाल्याला सांगून जनरेटर थेट स्टेजच्या मागे लावून घेतला. घरघर आली, सूर आला. पहिलं कडवं इतकं छान झालं की वत्सलाबाईंनी शेजारणीला सांगितलं, "माझी मुलगी." तेवढ्यात आचाऱ्यांनी पलीकडचे सगळे मोठे दिवे लावले. जनरेटरवर ताण पडला, त्याचा आवाज खाली बसला, आणि त्याच्याबरोबर ललिताही. मग जनरेटर सावरला, ललिता वर चढली. कोणीतरी दिव्यांच्या भिंगऱ्यांची रोषणाई चालू-बंद करत होतं, तसतसं गाणंही हेलकावे खात होतं. वऱ्हाडी मंडळींना वाटलं, हा विनोदी आयटम आहे. त्यांनी शिट्ट्या मारून पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

यजमान खूश झाले. वत्सलाबाई झाल्या नाहीत.

"आपण गायला जातो का लोकांना हसवायला? बास आता."

"मावशी, अजून एकच," भिकन अजिजीनं म्हणाला. "गणपतीत नाशिकला, सिडकोतल्या मंडळाची सुपारी घेऊन बसलोय. शब्द दिलाय. मोडला तर पुन्हा कोणी उभं करणार नाही."

वत्सलाबाईंनी बराच विचार केला. "नाशकात भाचा सोडला तर ओळखीचं कोणी नाही, आणि तो राहतो सातपूरला. जा. पण मी बरोबर, आणि ते शेवटचं."

त्या रात्री ललिताला झोप आली नाही. सकाळी ती टेबलावर न बसता तडक मशीनघरात गेली.

"भिकनदादा, मला तुमचा सूर उघड्यावर सापडत नाही. किती दिवस शोधू? तुम्हीच माझा शोधा."

"मी? अगं, माझे आकडे ठरलेले आहेत. बोट इकडचं तिकडं झालं तर मी संपलो."

"बोटं हलवू नका. पण या पेटीत पट्टी बदलायचं बटण असतं म्हणतात."

होतं. भिकननं त्याला आजवर हात लावला नव्हता. पेटी बिघडेल म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून टाकली होती. ती निघाली. बोटं जिथल्या तिथं ठेवायची आणि बटण दाबून सगळी पेटीच एकेक पायरी वर-खाली सरकवायची, एवढंच काम होतं. पुढचे सगळे महिने सराव ओट्यावर झालाच नाही. तिघं कंपाउंडच्या पार टोकाला, रिकाम्या क्रेट रचलेल्या मोकळ्या जागेत जाऊन बसत. ललिता एकटी, वाद्यांशिवाय, लागेल त्या सुरात आलाप सुरू करायची. तो चालू असताना भिकन कान लावून बटण दाबायचा आणि पट्टी जुळली की मान डोलवायचा. मगच ढोलकी. उरलेलं केसभर अंतर ललिता स्वतः सरकून भरून काढायची.

सिडकोत संध्याकाळची आरती झाली आणि मंडळाच्या अध्यक्षांनी 'शीतल'चं नाव पुकारलं. ललितानं समोर पाहिलं. दुसऱ्याच रांगेत भागीमामी बसल्या होत्या. मुलगा आणि सून नुकतेच त्याच कॉलनीत भाड्यानं राहायला आले होते, आणि मामी गणपतीसाठी कळवणहून आल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर आई, ताठ, समोर बघत.

ललितानं आलाप सुरू केला. भिकननं बटण दाबलं, कान लावला, पुन्हा दाबलं. चेहरा पडला. पट्टी वर न्यायची सोडून तो खाली नेत होता. मान काही डोलेना. ललिताला ते दिसलं. तिनं आलाप लांबवला. एक वळण घेतलं, मग दुसरं, श्वास घेऊन पुन्हा पहिल्या जागी आली. भिकनच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शेखर ढोलकीवर हात धरून डोळे फाडून बघत होता. खालची मंडळी मात्र गप्प झाली होती. पुढच्या खुर्चीतले एक पेन्शनर आजोबा म्हणाले, "वा! हल्ली इतक्या सावकाश कोण गातं!" ललिता आणखी एक फेरी मारून आली, आणि भिकनची मान डोलली. जोरात. कॅसिओ, ढोलकी आणि तिचा आवाज एकदमच एका जागी उतरले. टाळ्या पहिलं कडवं संपायच्या आधीच पडल्या.

त्यानंतरची गाणी अशीच झाली. प्रत्येक आलाप भिकनला जितका वेळ लागेल तितका, आणि दर वेळी थोडा आखूड.

प्रसाद वाटताना भागीबाई उठून आल्या.

"वन्सं, चांगलं गाती की हो पोर! दिवाळीनंतर आमच्या धाकटीची, आशाची हळद हाय. ऑर्केस्ट्रा तुमचाच. नाय म्हणायचं नाय."

ललिता माईकची वायर गुंडाळत होती. तिचे हात थांबले. वत्सलाबाईंनी द्रोणातला शिरा सावकाश संपवला, तोंड पुसलं.

"ते माझ्याकडं नाही, वहिनी," त्या म्हणाल्या. "भिकनकडं जाऊन तारीख पक्की करा. आणि लवकर करा. दिवाळीनंतर पोरगी सुपाऱ्यांतून मोकळी सापडायची नाही."

ललितानं पाठ फिरवली आणि गुंडाळून झालेली वायर उगाचच सोडून पुन्हा गुंडाळायला घेतली.