बोरन्हाणातला दुसरा हरभरा

माझ्या थोरल्या मुलाच्या नाकात हरभरा गेला, त्यात माझा हात इतकाच की बोरन्हाणात हरभरे घालायची कल्पना माझी होती. पुढचे घोटाळेही माझेच, पण ते ओघाने येतील.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. आम्ही नगरला राहत होतो. मी एका शाळेत मुलांना आरोग्यशास्त्र शिकवत असे आणि तेवढ्या बळावर स्वतःला पाऊण डॉक्टर समजत असे. संक्रांतीला जोडून सुट्टी आली, म्हणून बायको आणि दीड वर्षाचा मुलगा यांना घेऊन मी राहुरीला सासरवाडीस गेलो. मुलाचं बोरन्हाण तिथेच करायचं ठरलं होतं. काळं झबलं शिवून तयार होतं. हलव्याचे दागिने मात्र हार आणि मुकुटापुरतेच झाले, कारण साखर रेशनवर. मुलाच्या डोक्यावरून ओतायच्या मापात बोरं होती, उसाचे करवे होते, चुरमुरे होते, पण हलवा चिमूटभर. सासूबाईंना ते फार लागलं. तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सल्ला दिला की कोरडे हरभरे घाला. माप भरेल आणि पाटावर पडताना आवाजही छान येईल.

आवाज खरोखरच छान आला. आळीतली पोरं बोरं-करव्यांवर तुटून पडली. आमचे चिरंजीव मात्र पाटावर शांत बसून हरभरे वेचत होते. किती शहाणं बाळ, असं जो तो म्हणाला. ते शहाणं बाळ हरभरे वेचून कुठे ठेवतंय, हे कुणी पाहिलं नाही.

घटकाभराने बायकोने पाहिलं तर मुलगा नाकात बोट घालतोय आणि डोळ्यांना पाणी. दिव्यापाशी नेऊन पाहिलं तेव्हा आत काहीतरी तपकिरी चमकलं. एका काकूंनी केसातला आकडा काढला. मी तो हातातून काढून घेतला, आणि त्या दिवसातलं माझं शहाणपणाचं कृत्य ते एवढंच. मग मी सर्वांना समजावून सांगितलं की नाकातली वस्तू बाहेर फेकायला निसर्गाने शिंक दिलेली आहे. चुलतसासऱ्यांच्या कनवटीला तपकिरीची डबी असे. तिच्यातली चिमूटभर मी मुलाच्या नाकाशी धरली. पहिल्या दोन शिंका माझ्या सदऱ्यावर आल्या. तिसरीसरशी हरभरा सुटला तो थेट समईपाशी जाऊन पडला.

चुलतसासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्ही मास्तर होऊन फुकट गेलात."

मला पानात गुळाची पोळी जास्त मिळाली. हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक बाईला सासूबाई ती हकिकत सांगत, आणि मी ओसरीवरून तिच्यात भर घालत असे.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. सकाळी बायको मुलाला घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. त्याचा श्वास बारीक शिट्टीसारखा वाजत होता. नाक वाहत होतं, पण एकाच बाजूने. तो दूध घेत नव्हता.

"दुसरा आहे आत," ती म्हणाली.

मी म्हटलं, सर्दी असेल, तपकिरीने नाक हुळहुळलं असेल. आदल्या संध्याकाळपासून मी पहिल्या हरभऱ्याच्या जिवावर जगत होतो. दुसरा मला परवडणारा नव्हता. शिवाय सासूबाई म्हणाल्या की किंक्रांतीला कुठे बाहेर निघत नाहीत, उद्या बघू. वर्गात अशा समजुतींची यथेच्छ टिंगल करणारा मी, मोठ्यांचा मान राखायला हवा, असं काहीसं पुटपुटलो. बायकोने मुलाला शालीत गुंडाळलं.

"तुम्हाला राहायचं तर राहा. मी निघाले."

मग मी चपला शोधू लागलो.

गावातल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. हरभरा होता. वर सरकला होता आणि ओलाव्याने फुगला होता. तो काढायला लागतो तसा आकडा त्यांच्याजवळ नव्हता, नगरलाच न्यायला हवं होतं. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "याला रडू द्यायचं नाही. उताणा निजवायचा नाही. हुंदका आत ओढला आणि हरभरा मागून श्वासनळीत उतरला, तर वाटेत कुणाला काही करता येणार नाही." आणि तपकिरीची अक्कल कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी खिडकीबाहेरचा लिंब पाहत राहिलो. बायकोनेही माझं नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला सगळ्या वाटेत वाटत होतं.

त्या काळी पेट्रोल मिळत नसे. सर्व्हिस मोटारीला मागे कोळशाची भट्टी बसवलेली असे आणि तिच्या गॅसवर ती चाले. चाले म्हणजे, मन झालं तर चाले. दीड वर्षाच्या पोराला अशा मोटारीत नगरपर्यंत न रडवता न्यायचं कसं, हे कोणत्याही आरोग्यशास्त्राने मला शिकवलं नव्हतं. बायको त्याला उभा, खांद्याशी धरून बसली होती. मी समोर बसून त्याच्या तोंडाकडे पाहत होतो.

पहिला निम्मा रस्ता एका कोंबडीने तारून नेला. शेजारच्या बाईच्या मांडीवर, पाय बांधलेली, तांबडी कोंबडी होती. मुलगा तिच्यावरून नजर काढेना. मधल्या एका फाट्यावर ती बाई उठली. मी तिला हात जोडून म्हटलं की नगरपर्यंत चला. ती म्हणाली, "न्हाई वो दादा, लेक बाळातीन हाय, तिच्यासाठीच चालवलीया." कोंबडी उतरली. मुलाने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खालचा ओठ हळूहळू बाहेर आला.

तेव्हा मी कोंबडी झालो. काखेत हात घालून पंख फडफडवले, मान पुढेमागे केली, आणि घसा खरवडून ओरडलो. ओठ आत गेला. मी थांबलो, ओठ बाहेर आला. मी पुन्हा सुरू केलं. मागच्या बाकावर एक फेटेवाला शेतकरी होता. तो म्हणाला, "पाव्हणं, आता अंडं द्या म्हंजे झालं." सगळी मोटार हसली. मुलाला का रडवायचं नाही, ते बायकोने त्या शेतकऱ्याला हळूच सांगितलं. तेव्हा त्याने फेटा सोडून तो पुन्हा बांधायला घेतला, मुलाला दिसेल असा, सावकाश. बांधून झाला की परत सोडायचा. विळदच्या घाटापर्यंत तो माणूस फेटाच बांधत होता आणि मी ओरडत होतो.

घाटात मोटार दमली. वजन कमी करायला ड्रायव्हरने सगळ्यांना उतरवलं; लेकुरवाळी म्हणून बायको तेवढी आत राहिली, आणि मी दाराच्या पायरीवर लोंबकळत. वारा फिरला आणि भट्टीचा धूर आत शिरला. मुलाने नाक आक्रसलं. डोळे मिटले. तोंड उघडलं आणि तो श्वास आत, आणखी आत घ्यायला लागला. बायकोने त्याला छातीशी घट्ट धरलं. मला शिंकेविषयी जे जे माहीत होतं ते सगळं त्या क्षणी आठवलं, आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं.

आली ती जांभई. त्यामागोमाग झोप आली आणि त्याची मान तिच्या खांद्यावर कलंडली.

शिट्टी थांबली.

मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मी त्याच्या तोंडापुढे बोट धरलं, पण वाऱ्यात काही कळेना. तिने आपला गाल त्याच्या तोंडाशी नेला आणि तसाच ठेवला. मोटार घरघरत घाट चढून वर आली, लोक धावत येऊन बसले, कुणीतरी काहीतरी विचारलं. तिने किती वेळ गाल हलवला नाही हे मला सांगता येणार नाही.

"चालू आहे," ती म्हणाली. पण शिट्टी का थांबली, हरभरा जागचा हलला की काय, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. नगर येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा गाल त्याच्या तोंडाशी नेत होती.

दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या, नगरच्याच, ख्रिस्ती. त्यांनी आमची हकिकत अर्धीच ऐकली आणि मुलाला आत नेलं. चादरीत हातपाय गुंडाळून त्याला बायकोच्या मांडीवर ताठ बसवलं आणि मला डोकं धरायला सांगितलं. मी धरलं. त्यांनी आकडा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मास्तर, डोकं त्याचं स्थिर आहे, तुम्हीच हलताय. बाहेर थांबा."

डोकं धरायला आतली परिचारिका आली. मी बाहेर पडवीत गेलो आणि बंद दाराकडे तोंड करून उभा राहिलो. आत काही ऐकू येत नव्हतं. मग एकदम किंकाळी आली. सकाळपासून ज्या आवाजाला मी जिवापाड अडवून ठेवलं होतं तोच तो, आणि आता तो चांगला की वाईट हे मला ठरवता येईना. किंकाळी तुटली. मध्ये काहीच नाही. मग रडं सुरू झालं, मोठ्याने, भरल्या नाकाचं नव्हे, मोकळं.

डॉक्टरबाई कापसावर हरभरा घेऊन बाहेर आल्या. बोराच्या आठळीएवढा झाला होता. त्यांनी दुसरी नाकपुडी पाहिली होती, दोन्ही कान पाहिले होते, नळी लावून छातीही ऐकली होती. छाती साफ वाटत होती, पण एखादा तुकडा खाली उतरला असला तर लगेच कळत नाही, संध्याकाळपर्यंत थांबा, पुन्हा ऐकते, आणि तोवर दूध देऊ नका, असं सांगून त्या आत गेल्या.

सकाळपासून उपाशी असलेला तो मुलगा मग त्या पडवीत जो रडायला लागला, तो काही थांबेना. सुईसाठी रांगेत बसलेली एक म्हातारी शेवटी वैतागली. "अगं बाई, पोरगं कवाधरनं रडतंय. घे की जवळ, उगं कर त्याला."

"रडू द्या, मावशी," बायको म्हणाली आणि तिने पदराने त्याचं नाक पुसलं.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, असला कसला बाप म्हणून. मी त्या रडण्यात शिट्टी आहे का ते ऐकत होतो. नव्हती. फक्त हुंदका आत ओढायला तो मध्येच थांबायचा, आणि तो थांबला की आमचाही श्वास तिथेच अडकायचा. मग तो पुन्हा भोकाड पसरायचा, आणि आम्ही दोघं श्वास सोडायचो.