सूज मोजणारी शबनूर

शबनूर मंगळवार पेठेतली. वडील अमीन टेलर, आणि घरात पदवीच्या पुढं गेलेली ही पहिलीच. फार्मसी कॉलेजात तिनं आणि निशिगंधानं एकदमच पीएच.डी.चं काम सुरू केलं. झाडाच्या सालीनं सूज उतरते का, हेच दोघींनाही तपासायचं होतं. शबनूरनं पांगाऱ्याची साल घेतली, निशिगंधानं शिरीषाची. साली वाळवणं, कुटणं, अर्क काढणं सगळं दोघी मिळून करायच्या, जेवायच्याही एका डब्यात.

पहिल्याच छोट्या चाचणीत निशिगंधाच्या अर्कानं गुण दाखवला. शबनूरच्या अर्कानं काही नाही. दोघींच्या गाईड संयोगिता मॅडम येईल त्या पाहुण्याला निशिगंधाचा आलेख दाखवायला लागल्या. शबनूर तोंडानं "लई भारी" म्हणायची, आणि घरी आल्यावर मनात कुढायची. राबते मी जास्त, मग तिचंच का?

निशिगंधाची मोठी चाचणी आली. पांढऱ्या उंदरांच्या पायाला सूज आणायची, काहींना अर्क पाजायचा, काहींना नुसतं पाणी. मग पाय घोट्यावरच्या खुणेपर्यंत पाण्याच्या नळीत बुडवायचा. पाणी चढेल तेवढी सूज. कुणाला काय पाजलंय हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. निशिगंधानं शबनूरला बसवलं. "तुझा हात हलत न्हाय, तूच मोज."

पण अर्क गडद होता. काही उंदरांच्या मिशांना तपकिरी डाग राहिले होते. शबनूरनं ते पाहिले, अर्क यांनाच पाजलाय हे ओळखलं, आणि डागवाल्याचा पाय खुणेच्या किंचित वरपर्यंत बुडवला. आकडा फुगला. पुढच्या डागवाल्याचाही फुगवला.

लिहून घेणाऱ्या निशिगंधाचा चेहरा उतरला. "सूज उतरंना की गं!"

शबनूरला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. हातातला उंदीर तिनं पिंजऱ्यात ठेवला.

"आकडे खोटे हायत. मी पाय जास्त बुडवला."

"का?"

"तुझं जमलं म्हणून."

निशिगंधा तडक मॅडमकडं गेली. चाचणी रद्द झाली. नव्या प्राण्यांसाठी पुन्हा परवानगी काढावी लागली, त्यात कित्येक महिने गेले. दुसऱ्याच कुणीतरी मोजलं. सूज उतरली, निशिगंधाचा शोधनिबंध छापून आला. तिचं नाव वाचताना शबनूरच्या मनात पुन्हा तेच आलं, तिचंच का?

तिच्या स्वतःच्या मोठ्या चाचणीला मोजायला मॅडमनी मुद्दाम निशिगंधाला बसवलं. शबनूरची नजर घोट्यावरच्या खुणेवरून हटत नव्हती. सूज कुठल्याच उंदराची कमी दिसेना.

"परत घे," शबनूर म्हणाली.

निशिगंधानं खूण तिच्याकडं वळवून पाय पुन्हा बुडवला. पाणी तिथंच थांबलं.

"बघितलंस?"

"व्हय."

पांगाऱ्याच्या त्या अर्कात गुण आढळला नाही, असंच शबनूरनं प्रबंधात लिहिलं. पदवी मिळाली, निशिगंधानंतर वर्षभरानं. आज ती जयसिंगपूरला शिकवते. निशिगंधा पुण्यात एका औषध कंपनीत आहे. ईदला तिचा फोन येतो, एरवीही अधूनमधून. तिची काही नवी बढती कळली की शबनूर मनापासून अभिनंदन करायला बघते. तेवढं नीट जमत नाही. फोन ठेवून ती वर्गावर जाते.