पांढरा तुकडा

सुईकाका शिडं शिवायचे. भलंमोठं शीड उतरवून घरी आणायचं म्हणजे नसती उठाठेव, म्हणून नांगरलेल्या होडीवरच बसून टाके घालायचे. घर समोरच, धक्क्याच्या वरच्या अंगाला. तिथे खिडकीत काकूंचं शिलाई मशीन. शिवणारी दोघंही, पण बोलायचं काम काकूंनी एकटीनं अंगावर घेतलेलं.

दिवसा मात्र दोघांचं बोलणं एकच. काकांनी शिडाच्या कापडाचा पांढरा तुकडा हलवला की काकू डबा घेऊन धक्क्यावर येत. जोरात हलवला, तर पोटात कावळे ओरडताहेत असं समजायचं. उभ्या संसारात दुसरी खूण ठरवायची वेळच आली नाही.

त्या सकाळी होडी एकाएकी नांगराभोवती फिरली आणि साखळी करकरली. पाणी समुद्राकडे धावत सुटलं होतं. धक्क्यापाशी चिखल उघडा पडला, लोक हसत मासे वेचायला उतरले. असं गेलेलं पाणी परत येतं, हे काकांना ठाऊक होतं. ते बेंबीच्या देठापासून ओरडले. आवाज पोचेना. मग हाताशी होता तो तुकडा उचलून दोन्ही हातांनी हलवला. पळ, वर पळ.

दार उघडलं, काकू डबा घेऊन उतरू लागल्या, तेव्हा काकांना कळलं आपण काय केलं ते.

"सकाळी चार घास खा म्हटलं तर ऐकायचं नाही. आता बघा कसे नाचताहेत," असं त्या शेजारणीला म्हणाल्या. शेजारीण वरच राहिली, म्हणून हे कळलं.

काकांनी तुकडा टाकला आणि हातांनी मागे जा, मागे जा केलं. काकूंनी डबा उंच धरून दाखवला. आले, आले. आणि पावलं उचलली.

पाणी आलं ते होडीखालून. होडी वर चढली, साखळी टिकली. काका डोलकाठीला मिठी मारून होते. डोळे उघडले तेव्हा धक्का नव्हता.

"देव तारी त्याला कोण मारी," लोक म्हणतात.

"मीच बोलावलं तिला," काका एवढंच सांगतात.

अजून ते होडीवरच शिवतात. धुतलेला सदरासुद्धा वाऱ्यावर टांगत नाहीत, फळीवर पसरून वर वजन ठेवतात. दुपारी भूक लागली की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहतात.