चालू फ्रीज

आईने त्याला 'अहो' म्हटलं, त्या दिवशी फ्रीजवाला जेवला नाही.

पन्नाशीचा माणूस. तीस वर्षं लोकांचे फ्रीज दुरुस्त करतोय, म्हणून गल्लीत सगळे त्याला फ्रीजवालाच म्हणतात. घरात मात्र आईने त्याला जन्मभर 'अरे', 'गधड्या', 'मेल्या' याखेरीज हाक मारली नव्हती. आणि त्या सकाळी तो हत्यारांची पेटी उचलून कामाला निघाला, तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हणाली, "अहो मेकॅनिक, बरं झालं आलात. आमचा फ्रीज घरघरतोय. मुलाला सांगून थकले, पण तो नालायक इकडे फिरकेल तर शपथ!"

नालायक! जो रोज तिची वेणी घालतो, हाताने गोळ्या भरवतो, तो नालायक!

"अगं आई, मीच तो!" तो ओरडला. जुने फोटो आणले, हनुवटीवरची खूण दाखवली. आई घाबरून सुनेच्या मागे लपली. "कोण गं हा? अंगावर येतोय माझ्या."

डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार, स्वीकारा. बहीण फोनवर म्हणाली, "दादा, स्वीकार रे आता." शेजारच्या काकांनीही तेच ऐकवलं. फ्रीजवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वीकारा म्हणे! पार्सल आहे का, सही केली नि घेतलं आत? यांच्या आयांनी यांना अहो-जाहो करायला हवं होतं, म्हणजे कळलं असतं.

बायको एवढंच म्हणाली, "फ्रीज खोलून दाखवा ना त्यांना. पाच मिनिटांचं तर काम."

"चालू फ्रीज खोलू?" तो तिच्यावर खेकसला. चांगल्या मशीनला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, नसलेला बिघाड दाखवायचा नाही, या एका गोष्टीवर त्याने बाजारात नाव कमावलं होतं. पण खरं सांगायचं तर दुखणं वेगळंच होतं. एकदा का आपण मेकॅनिक झालो, की मुलगा संपला. तोही आपल्याच हाताने.

आठवडाभर तो हट्टाला पेटला. रोज सकाळी याचं "मी तुझा मुलगा", रोज तिची रडारड. रविवारी आईने ताटच बाजूला सारलं. "फ्रीज बंद पडलाय, सगळं नासलंय. मी नाही खाणार." सोमवारीही तेच. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नाही.

मंगळवारी बायकोने आईपुढे पुन्हा ताट ठेवलं, आणि फ्रीजवाल्याने दातओठ खात पेटी उघडली. ठणठणीत फ्रीज भिंतीपासून ओढला, मागचा पत्रा काढला, उगीचच आत फुंकर मारली. "कंप्रेसरचं रबर गेलं होतं," तो म्हणाला. धंद्यातली पहिली थाप, आणि तीही आईला!

आई स्टुलावर नीट सावरून बसली. "माझा मुलगाही असाच खटपट्या होता हो. दहा वर्षांचा असताना रेडिओ खोलून बसला. मी चांगला बदडला त्याला. मग त्यानेच जोडला, नि वाजलासुद्धा! पण मी मेलीने एका शब्दाने शाबास म्हटलं नाही. म्हणूनच येत नसेल."

फ्रीजवाल्याच्या हातातला स्क्रू निसटला. तो शोधायला त्याला फ्रीजमागे बराच वेळ लागला.

"येतो तो," तो तिथूनच म्हणाला. आवाज चढलाच त्याचा. "रोज येतो! आणि त्याला नालायक म्हणायचं नाही. मला चालणार नाही, सांगून ठेवतो!"

आई बघतच राहिली. मग खुदकन हसली. ताट पुढे ओढून तिने एक घास घेतला, आणि म्हणाली, "तुला का रे एवढा पुळका त्याचा?"